बंगालच्या उपसागराला कान लावून

कोलकात्याच्या विमानतळावरून न्यू टाउनकडे निघालं, की पंधरा-वीस मिनिटांत शहराचा चेहरा बदलतो. दमदमची गर्दी मागे पडते. रुंद रस्ता, काचेच्या इमारती, कंपन्यांच्या बसची वाट बघणारी गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलंमुली. दोन-तीन दशकांपूर्वी इथे भातशेती आणि मासे पाळायच्या ‘भेडी’ होत्या. आता राज्य सरकारच्या हिडको या संस्थेने आखलेलं उपनगर आहे आणि त्यात इको पार्क, मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय, चौकावर अधांतरी उभं केलेलं विश्व बांगला गेट असं सगळं प्रेक्षणीय काही आहे. या सगळ्यात रस्त्याच्या कडेला एक प्रचंड रशियन विमान उभं आहे. चार इंजिनं, प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे उलटसुलट फिरणारे दोन पंखे, मागे झुकलेले लांबलचक पंख. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. तरी हे संग्रहालय नौदलाचं आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला तो ‘उगवत्या सत्ता’. त्यात माझ्या वाट्याला आलं आरमार. मुंबईच्या माणसाने आरमारावर लिहायचं तर माझगाव डॉक, नौदल गोदी, फार तर सिंधुदुर्ग, अशी सरळ वाट होती. पण आरमाराच्या ताकदीची मोजदाद आपण नेहमी जहाजांच्या संख्येने करतो आणि ती पद्धत मला बऱ्याच दिवसांपासून अपुरी वाटत होती. न्यू टाउनमधल्या या विमानाचं काम एकच होतं : पाण्याखालची पाणबुडी शोधणं. म्हणून मुंबई सोडून इकडे आलो.

## अल्बॅट्रॉस

विमानाचं नाव टीयू-१४२. सोव्हिएत संघाकडून भारताने अशी आठ विमानं घेतली, ती १९८८ मध्ये दाखल झाली. आधी मुक्काम गोव्याला दाबोळीत होता. पुढे तामिळनाडूत अरक्कोणमला ‘आयएनएस राजाली’ हा तळ १९९२ मध्ये उभा राहिला आणि चार किलोमीटरहून लांब धावपट्टी मिळाल्यावर विमानं तिकडे गेली. त्यांच्या ताफ्याचा क्रमांक ३१२, टोपणनाव ‘अल्बॅट्रॉस’. दिवसचे दिवस जमिनीला पाय न लावता समुद्रावर तरंगणाऱ्या पक्ष्याचं नाव या विमानाला शोभणारं होतं. लांबी साधारण त्रेपन्न मीटर, पंखांचा पल्ला पन्नास, एकेका इंजिनाची ताकद सुमारे पंधरा हजार अश्वशक्ती. पंख्यांवर चालणाऱ्या विमानांत याच्या जातकुळीइतकं वेगवान दुसरं विमान जगात झालं नाही.

२९ मार्च २०१७ ला अरक्कोणमला ही विमानं निवृत्त झाली. एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनारी रस्त्यावर मांडलं. हे दुसरं सुटं करून कोलकात्याला आणलं, पुन्हा जोडलं आणि २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

मी गेलो तेव्हा शाळेच्या मुलांची एक तुकडी आली होती. मुलांना बाँब कुठे ठेवायचे ते बघायचं होतं. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या एका पोराने ‘ये प्लेन पानी में कैसे देखता था?’ असा प्रश्न बंगाली वळणाच्या हिंदीत विचारला. तिथल्या माणसाने रडारचं नाव घेऊन वेळ मारून नेली. वास्तविक प्रश्न पोराचाच बरोबर होता. रडारच्या लहरी पाण्यात शिरतच नाहीत. पाणबुडीने श्वास घ्यायला नळी किंवा बघायला पेरिस्कोप वर काढला, तरच रडारला काही दिसतं. एरवी विमान काही बघत नाही. ते ऐकतं.

ऐकायचं कसं, तर सोनोबॉय टाकून. हातभर लांबीची नळकांडी. विमानातून छोट्या पॅराशूटने ती खाली सोडतात. पाण्यावर आपटलं, की नळकांडं उघडतं. एक भाग तरंगत राहून अँटेना वर काढतो, दुसरा तारेला बांधलेला माईक ठरलेल्या खोलीपर्यंत खाली जातो. खालचा आवाज तारेने वर, आणि वरून रेडिओने विमानात. अशी नळकांडी एका ओळीत, कधी गोलात, कधी चौकोनात टाकायची आणि मग विमानातल्या माणसांनी पडद्यावरच्या रेषा वाचत बसायचं. पंप, जनित्र, पाणबुडीचा पंखा, प्रत्येकाचा आवाज वेगळा. काही सोनोबॉय नुसतं ऐकतात, काही स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. आवाज सोडला, की पाणबुडीतल्या लोकांनाही कळतं आपला माग लागलाय, म्हणून तो उपाय शेवटचा. काही तासांनी नळकांडं निकामी होऊन बुडतं. ते परत कोणी उचलत नाही. प्रत्येक गस्तीत पैसे अक्षरशः पाण्यात जातात आणि जायलाच हवेत.

टीयू-१४२ ची जागा पी-८आय या विमानाने घेतली. बोईंग ७३७ या प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर बेतलेली अशी बारा विमानं भारताकडे आहेत. पहिलं २०१३ मध्ये आलं. काही अरक्कोणमला असतात, काही गोव्यात ‘आयएनएस हंसा’वर, तिथला ३१६ क्रमांकाचा ताफा २०२२ चा. अमेरिकी नौदलाच्या स्वतःच्या पी-८ए विमानांत नसलेलं एक यंत्र भारताने आपल्या विमानांत मागून बसवून घेतलं : पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा बारीक फरक टिपणारं. २०१७ मध्ये डोकलामला आणि २०२० मध्ये लडाखमध्ये चीनशी तणाव झाला, तेव्हा हीच समुद्रावरची विमानं हिमालयावर टेहळणीला पाठवली गेली. पाणबुडी शोधायला घेतलेला डोळा डोंगरात वापरावा लागला, यातून आपल्याकडे अशा विमानांची चणचण किती, तेही कळतं.

## गोड्या पाण्याचा पडदा

कोलकात्यात एका निवृत्त नौसैनिकाची गाठ पडली. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पूर्व किनाऱ्यावर बरीच नोकरी झालेली, मुलगा न्यू टाउनमध्ये आयटीत असल्याने आता इथेच राहतात. काका सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसायचे. ‘अरबी समुद्रात काम केलेला माणूस इकडे आला ना, की पहिले काही महिने त्याचे कान फसतात,’ ते म्हणाले. ‘इथलं पाणीच वेगळं आहे.’

हे त्यांचं म्हणणं समुद्रशास्त्राच्या पुस्तकातही सापडतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर वेगाने जातो. पण तो वेग तापमान, क्षार आणि खोली यांवर बदलत राहतो, आणि वेग बदलला की आवाज वळतो. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी अशा नद्या बंगालच्या उपसागरात अफाट गोडं पाणी ओततात. पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तरेला वरच्या थरात क्षार कमी आणि खाली खारट, जड पाणी. दोन्ही सहज मिसळत नाहीत. वर उन्हाने तापलेला थर, खाली गार पाणी. वर चाललेल्या जहाजाच्या पोटातल्या सोनारने सोडलेला आवाज थरांच्या सीमेवर वाकतो आणि खाली मोठ्या टापूपर्यंत पोचतच नाही. पाणबुडीचा कप्तान हे जाणतो. थराखाली जाऊन संथपणे बसायचं, एवढंच त्याला करायचं असतं.

उथळ पाण्यात त्रास निराळा. आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये आपटत जातो. त्यात कोळ्यांच्या ट्रॉलरांची इंजिनं, हल्दिया-पारादीपला जाणारी मालवाहू जहाजं, पाऊस. बॅटरीवर चालणारी पाणबुडी इतकी हळू बोलते, की लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची कुजबुज ऐकण्यासारखं ते काम होतं. म्हणून जहाजामागे लांब तारेने ओढत न्यायचा सोनार लागतो, तो थराखाली सोडता येतो. जहाजावर हेलिकॉप्टर लागतं, ते पुढे जाऊन सोनार पाण्यात बुडवून ऐकतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, पुढे लागतील.

चीनची सर्वेक्षण जहाजं हिंदी महासागरात दिसली, की आपल्याकडे गदारोळ होतो, तो याच कारणाने. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हंबनटोटाला आलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘शी यान ६’ कोलंबोला, २०२४ च्या सुरुवातीला ‘शियांग यांग हाँग ०३’ मालदीवला. पहिलं क्षेपणास्त्रं-उपग्रहांचा माग ठेवणारं आहे, नंतरची दोन समुद्रसंशोधनाची. पाण्याचं तापमान, क्षार आणि तळाचा उंचसखलपणा मोजणं हे रीतसर विज्ञान आहे. तीच आकडेवारी पाणबुडीच्या कप्तानाला लपायच्या जागा दाखवते. त्यामुळे विज्ञान की हेरगिरी, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही एकाच वहीत लिहिलं जातं.

## शेजारच्या पाणबुड्या

पेंटॅगॉनच्या २०२३ च्या अहवालानुसार चीनच्या नौदलात जहाजं आणि पाणबुड्या मिळून ३७० हून अधिक. संख्येने जगातलं सर्वांत मोठं आरमार. भारताचा आकडा याच्या निम्म्याहून कमी आहे. पण चीनचं बरंचसं आरमार त्याच्याच किनाऱ्यावर, तैवान आणि दक्षिण चीन समुद्रासाठी आहे. बंगालच्या उपसागरावर त्याचा परिणाम होतो तो बहुतेकदा दुसऱ्यांच्या मार्फत.

सप्टेंबर २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोला लागली, काही आठवड्यांनी पुन्हा एक. २०१७ मध्ये जिबूतीला चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये बांगलादेशाने चीनकडून घेतलेल्या ‘मिंग’ जातीच्या दोन जुन्या पाणबुड्या ‘नबजात्रा’ आणि ‘जयजात्रा’ या नावांनी दाखल केल्या. त्यांच्यासाठी कॉक्सबाजार जिल्ह्यात पेकुआला चीनच्या मदतीने बांधलेला तळ मार्च २०२३ मध्ये सुरू झाला. म्यानमारला भारताने २०२० मध्ये आपली ‘सिंधुवीर’ देऊन टाकली, तर पुढच्याच वर्षी चीननेही एक ‘मिंग’ दिली. या पाणबुड्या जुनाट आहेत, युद्धात त्यांचा धाक मर्यादित. पण तळावर त्यांच्या दुरुस्तीला कोणाचे तंत्रज्ञ येणार आणि त्या तळाला पुढे कोणाच्या पाणबुड्या लागणार, हा प्रश्न दिल्लीत विचारला जातो. म्हणूनच बंगालच्या उपसागरात ऐकण्याचं काम वाढलं.

## नाझीरगंजच्या होडीतून

या कामाची जहाजं जिथे बनतात, तिथे आत सोडत नाहीत. बाहेरून बघायला मात्र कोणाची ना नाही. हुगळीच्या हावडा काठावर नाझीरगंजहून मेटियाब्रुजला होडी सुटते. सायकली, शिवणकामाच्या कपड्यांचे गठ्ठे, कोंबड्या, सगळं एकत्र. मेटियाब्रुज म्हणजे लखनौचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह जिथे राहिला ती वस्ती. आज ती शिंप्यांची आहे. नदीच्या मध्यावर आल्यावर समोरच्या काठावर उंच क्रेन दिसतात. गार्डन रीच शिपबिल्डर्सची ओळख पटवणारी.

१८८४ मध्ये नदीकाठच्या छोट्या कारखान्यापासून या गोदीची सुरुवात. १९६० मध्ये ती सरकारने घेतली आणि १९६१ मध्ये इथून ‘अजय’ नावाची छोटी गस्ती नौका नौदलाला मिळाली. स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली युद्धनौका. २०१९ मध्ये शंभरावी दिली गेली. नदीच्या वाटेने समुद्र इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे, नदी गाळाने भरलेली, भरती-ओहोटीचा हिशेब करूनच जहाज हलवायचं. अशा जागी सुमारे दीडशे मीटर लांब आणि साडेसहा हजार टनांहून जड ‘हिमगिरी’ बांधली गेली, ही मला तिच्यावरच्या क्षेपणास्त्रांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. २६ ऑगस्ट २०२५ ला ती विशाखापट्टणमला नौदलात आली. त्याच दिवशी, त्याच धक्क्यावर माझगावची ‘उदयगिरी’ही.

पण आपल्या विषयाची जहाजं आकाराने याहून लहान आहेत. एप्रिल २०१९ मध्ये उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी कामासाठी सोळा जहाजांची मागणी नोंदवली गेली, आठ गार्डन रीचला, आठ कोचीला. गार्डन रीचने आपल्यापैकी चार चेन्नईजवळ कट्टुपल्लीला एल अँड टीच्या गोदीत बांधायला दिली. लांबी सत्त्याहत्तर मीटरच्या आसपास. पंखा नाही, पाण्याच्या जोरदार झोताने पुढे सरकतात, त्यामुळे उथळ पाण्यात सहज वळतात. यातलं पहिलं ‘अर्नाळा’ १८ जून २०२५ ला दाखल झालं. वसईजवळच्या बेटावरचा अर्नाळा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. त्याचं नाव असलेल्या जहाजाचं काम बंगालच्या कंपनीने घेतलं, ते तामिळनाडूत बांधलं आणि आंध्रात नौदलात आलं. गार्डन रीचचं आठवं आणि शेवटचं ‘अजय’ जुलै २०२५ मध्ये हुगळीत उतरलं.

## पद्मा, पलाश आणि पनवेल

या नदीचा नौदलाशी संबंध जहाजबांधणीपुरता नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या लढ्यासाठी बंगाली तरुणांना पाण्याखालून पोहत जाऊन जहाजांना सुरुंग लावायचं शिक्षण दिलं गेलं, ते प्लासीला, भागीरथीच्या पात्रात. ऑगस्टच्या मध्यावर एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे त्यांनी जहाजं उडवली. कोलकाता बंदराच्या दोन साध्या नौका घेऊन, त्यांवर बोफोर्स तोफा बसवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ तयार केल्या. डिसेंबरात या दोन नौका आणि भारतीय नौदलाची ‘पनवेल’ असा तांडा मोंगला-खुलनाकडे निघाला. त्याचं नेतृत्व कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्याकडे होतं. ते मुळात पाणबुडीवाले. १९६९ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कप्तान. १० डिसेंबरला खुलनाजवळ आपल्याच विमानांनी शत्रूच्या समजून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’वर बाँब टाकले, दोन्ही बुडाल्या. ‘पनवेल’ पुढे लढत राहिली. सामंतांना महावीर चक्र मिळालं. मुंबईत २०१९ मध्ये ते गेले. मराठी वाचकाला ‘गाझी’ ठाऊक असते, सामंत सहसा नसतात.

त्याच महिन्यातल्या दोन घटना नौदलाच्या स्मरणात शेजारी-शेजारी आहेत. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. ९ डिसेंबरला दीवजवळ, पाणबुडी शोधायला निघालेली आपली ‘खुकरी’ ती जिच्या मागावर होती त्याच पाकिस्तानी पाणबुडीने, ‘हंगोर’ने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. एकूण १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. पहिल्या घटनेवर चित्रपट निघाला. आरमाराने धडा मात्र दुसरीतून घ्यायचा : शोधणाऱ्याला आधी ऐकू आलं नाही, तर तोच सावज होतो.

## कान नेहमी मागाहून

तो धडा किती घेतला, याचं उत्तर गार्डन रीचमध्येच बांधलेल्या ‘कामोर्ता’त आहे. ती २०१४ मध्ये पाणबुडीविरोधी कामासाठीच दाखल झाली. तिच्या मागोमाग ‘कदमत’, ‘किल्तान’ आणि २०२० मध्ये ‘कवरत्ती’. ‘कामोर्ता’चं लोखंडसुद्धा देशी. पण दाखल झाली तेव्हा मागे ओढत न्यायचा सोनार तिच्यावर नव्हता, आणि पाणबुडी शोधणारं योग्य हेलिकॉप्टरही नव्हतं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. पाणबुडी शोधायचं जहाज, आणि शोधायची मुख्य साधनं बाकी! नव्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरांचा करार २०२० मध्ये झाला, चोवीस नगांचा, आणि त्यांचा पहिला ताफा कोचीत मार्च २०२४ मध्ये उभा राहिला.

दुसऱ्या बाजूला, आपल्या पाणबुड्यांचं तेच. माझगावमध्ये बांधलेली ‘कलवरी’ २०१७ मध्ये आली, ‘खांदेरी’ २०१९ मध्ये, शेवटची ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. यांच्यासाठी ठरवलेल्या इटालियन जड टॉर्पेडोचा सौदा २०१६ मध्ये रद्द झाला, कारण ती कंपनी हेलिकॉप्टर घोटाळ्यात सापडलेल्या समूहातली. मग जुन्या टॉर्पेडोंवर काम चाललं. देशी जड टॉर्पेडो या पाणबुड्यांत बसवण्याचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ ला. भ्रष्टाचाराला चाप लावलाच पाहिजे. पण त्याची किंमत पाणबुडीतल्या माणसांनी आठ वर्षं चुकवावी, हे काही बरं नाही.

सोनोबॉयची गत तीच. कोचीची एनपीओएल ही संरक्षण संशोधन संस्था जहाजांचे सोनार उत्तम बनवते, ते आपल्या बहुतेक जहाजांवर आहेत. पण पी-८आय आणि नव्या हेलिकॉप्टरांमधून टाकायची नळकांडी अजून बाहेरून येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या ५ कोटी २८ लाख डॉलरच्या विक्रीला मान्यता दिली. जी वस्तू रोज पाण्यात फेकायची, ती आयात करावी लागणं म्हणजे संकटाच्या वेळी गस्त दुसऱ्याच्या मर्जीवर.

कारण काय असावं? मला वाटतं, जहाज उतरताना नारळ फुटतो, छायाचित्र निघतं, मंत्री येतात. सोनार बसवताना कोणी येत नाही. तो दाखवताही येत नाही, कारण त्याची कुवत गुप्त असते. काकांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, ‘अहो, आमच्या खोलीत दिवाच मंद. फोटो काढणार कसा?’

बारा पी-८आय, चोवीस हेलिकॉप्टरं आणि उथळ पाण्यातली सोळा पाणबुडीविरोधी जहाजं, ही जुळवाजुळव गेल्या बारा-तेरा वर्षांतली आहे आणि ती खरी आहे. बंगालच्या उपसागरात भारताचा कान आज १९८८ पेक्षा खूप तिखट आहे, यात शंका नको. पण पुढच्या वेळी नव्या युद्धनौकेची बातमी पहिल्या पानावर आली, की तिची लांबी आणि वजन वाचून थांबू नका. तिच्यावर ओढत न्यायचा सोनार आहे का, तिचं हेलिकॉप्टर आलंय का, टॉर्पेडो कुठला आहे, हे विचारा. वृत्तपत्रांना विचारा, आपल्या खासदारांना विचारा. या प्रश्नांची उत्तरं ‘काम चालू आहे’ अशी येत असतील, तोवर ते जहाज दाखल झालं असलं तरी पुरं झालेलं नाही.